परतीची ओळ

मार्चमधल्या एका गुरुवारी, दुपारच्या बॅचमधल्या एका मुलाच्या जर्नलवर मी सही केली आणि ती सही पुढे दोन दिवस मला टोचत राहिली. तसं पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल नेहमीचंच. दोन लॅन, म्हणजे छोटी नेटवर्कं, मध्ये दोन राऊटर, हातानं राऊट, म्हणजे कुठं कुठून जायचं ते रस्ते, टाकायचे आणि या टोकाच्या पीसीवरून त्या टोकाच्या पीसीला पिंग, म्हणजे उत्तर मागणारं डेटाचं छोटं पॅकेट, मारून दाखवायचा. आमच्याकडे प्रत्येक मुलाला एक मशीन मिळतं आणि त्या एका मशीनच्या पोटात तो चार मशीनं चालू करतो: पीसी१, आर१, आर२, पीसी२. पडद्यावर चार काळ्या खिडक्या उघडतात आणि प्रत्येक खिडकी म्हणजे एक वेगळा कॉम्प्युटर. हा मुलगा तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसला होता. त्यानं पिंग मारला आणि उत्तर आलं नाही. लिनक्सचा पिंग अशा वेळी काहीच बोलत नाही. पहिली ओळ उमटते आणि मग नुसता कर्सर लुकलुकत राहतो. त्यानं अर्धा मिनिट त्या कर्सरकडे पाहिलं, चारही खिडक्या बंद केल्या, शेजाऱ्याचा पेनड्राइव्ह लावला, त्याचं चालणारं फोल्डर उचलून आपल्या नावानं ठेवलं आणि पुन्हा सगळं चालू केलं. धडाधड रिप्लाय यायला लागले. "आलं मॅडम," तो म्हणाला. मी वाकून चार रिप्लाय मोजले आणि सही केली.

संध्याकाळी मार्केट यार्डाच्या बाजूनं घरी येत होते. हळदीचा सीझन असला की त्या रस्त्यावर हवाच जड होते. नाकात, घशात, गाडीच्या आरशावर, सगळीकडे ती पिवळी बारीक धूळ. सिग्नलला थांबले असताना एकदम जाणवलं की त्या मुलाची चूक काय होती, हे आता कुणालाच कळणार नाही. त्याला नाही, मलाही नाही. त्यानं फोल्डर उचललं याचं मला एवढं वाटलं नाही. जर्नलं उतरवून काढणं आमच्या वेळीही होतं. वाटलं ते वेगळंच. त्याच्या समोर एक बिघडलेलं नेटवर्क होतं. चालू होतं, प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला तयार होतं. तो त्याला काही न विचारता उठून गेला. आणि त्या उठून जाण्यावर मी सही केली होती.

बिघडलेलं नेटवर्क हाताशी मिळावं म्हणून मी स्वतः किती थांबले होते.

२००६ च्या आसपास मी शिकत होते तेव्हा आमच्या लॅबमध्ये एक राऊटर होता. काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, खोक्यातून काढलेला पण प्लॅस्टिक न काढलेला. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते बहुधा रजेवर किंवा मीटिंगला असायचे. राऊटर म्हणजे काय, हे आम्ही ओरलला घडाघडा सांगायचो: दोन वेगवेगळ्या नेटवर्कना जोडणारं, पॅकेटचा मार्ग ठरवणारं उपकरण. पण पॅकेट अडकलं तर राऊटर काय करतो, कुणाला सांगतो, की गप्प बसतो? हे कुणी विचारलं असतं तर आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली असती. क्रिंपिंगच्या पक्कडीनं केबली करता येत होत्या. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा हा क्रम झोपेतही आला असता. त्या केबलींची दुसरी टोकं लावायला मात्र कपाटाबाहेर काही नव्हतं.

मग एका सीनियर मुलीनं पुण्याहून येताना एक सीडी आणली. त्यात नेटकिट नावाचं सॉफ्टवेअर होतं. रोममधल्या रोमा त्रे विद्यापीठातल्या नेटवर्क शिकवणाऱ्या लोकांनी ते केलेलं, अगदी आमच्यासारख्यांसाठी, ज्यांच्याकडे मशीन एक आणि शिकायचं जाळं. त्याच्या बुडाशी होता जेफ डाइक यांचा यूजर मोड लिनक्स. ही कल्पना मला आजही तितकीच थरारून टाकते. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जो एरवी अख्ख्या मशीनचा मालक असतो, तोच एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखा चालवायचा. एक चालवला की एक मशीन, चार चालवले की चार. प्रत्येकाला मी मोजून ३२ एमबी मेमरी द्यायचे, कारण घरच्या मशीनमध्ये सगळी मिळून ५१२ होती. डिस्क चौघांची एकच. ज्यानं जे बदललं तेवढंच त्याच्या नावानं वेगळं साठायचं, मूळ तसंच राहायचं.

आणि हे सगळं जाळं एका फाईलमध्ये. लॅब डॉट कॉन्फ. ती मी पहिल्यांदा उघडली तेव्हा वाटलं, आपण चुकीची फाईल उघडलीय. इनमिन सहा ओळी. मशीनचं नाव, चौकटी कंसात शून्य, बरोबरचं चिन्ह, अवतरणात ए. म्हणजे या मशीनचं पहिलं नेटवर्क कार्ड ए नावाच्या तारेला जोडलेलं आहे. आर१ च्या शून्याला ए, एकाला बी. आर२ च्या शून्याला बी, एकाला सी. बस, केबली टाकून झाल्या. मग प्रत्येक मशीनच्या नावाची एक स्टार्टअप फाईल आणि त्यात ते मशीन जागं झाल्यावर पहिल्यांदा काय करील त्याच्या दोन-तीन ओळी: हा तुझा पत्ता, हा तुझा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार. एल-स्टार्ट म्हटलं की एकामागून एक खिडक्या उघडायच्या, डिस्कचा खरखराट व्हायचा, पंखा जोर करायचा. लोडशेडिंगच्या दिवसांत आम्ही वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असे आणि त्याच्या आधी सगळं आवरायची माझी धडपड असे, पण वीज वेळापत्रकाच्या आधीही जायची. यूपीएस टीं-टीं करायला लागला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद कर गं ते आधी." तेवढ्यात चार मशीनं नीट बंद करणं जमायचं नाही. चारही अंधारात जायची. वीज आल्यावर त्यांच्या बदलांच्या फाईली पुसायच्या, पुन्हा एल-स्टार्ट, आणि सगळी जणू काही झालंच नाही अशी उठून बसायची. कॉन्फिगरेशनच्या फाईलींना त्यातलं काही कळलेलंही नसायचं.

माझा पहिला पिंग पोचला त्या रात्री मी त्या ओळीकडे किती वेळ पाहत बसले होते. शेवटी लिहिलं होतं, टीटीएल ६२. लिनक्सचं पॅकेट निघताना हा आकडा ६४ असतो आणि वाटेतला प्रत्येक राऊटर त्यातून एक कमी करतो. ६२ म्हणजे दोन हात लागलेत त्याला. आर२ चा एक, आर१ चा एक. ही दोन राऊटरं मी लिहिलेल्या सहा ओळींतून उभी राहिली होती आणि त्यांनी येणाऱ्याचा आकडा इमानानं एक-एक कमी केला होता.

"खेळण्यातलं आहे हो ते सगळं," असं मला पुढे बऱ्याच जणांनी ऐकवलं, आजही ऐकवतात. मला ते पटत नाही. आर१ हा राऊटरची नक्कल नाही. त्याच्या खिडकीत लिनक्सचा तोच कर्नल, राऊट शोधणारा तोच कोड धावतो, जो खऱ्या सर्व्हरवर धावतो. आर१ ला विचारलं तर तो खराच राऊटर आहे. खोटी आहे ती तार. दोन मशीनांच्या मध्ये तारेच्या जागी एक छोटा प्रोग्रॅम बसतो आणि इकडून आलेलं तिकडे देतो. म्हणून तर पिंगची वेळ इतकी कमी दिसते, एक मिलिसेकंदाच्या आतबाहेर. काचेच्या तारेतून प्रकाश साधारण २०० किलोमीटरला एक मिलिसेकंद घेतो. म्हणजे सांगलीहून पुण्याला नुसतं पोचायलाच एकाहून थोडा जास्त. माझ्या खिडक्यांमध्ये अंतरच नव्हतं. मग कळलं की अंतरसुद्धा लिहिता येतं. टीसी नावाची आज्ञा आहे, तिच्यात नेटएम म्हणायचं, डिले १०० मिलिसेकंद म्हणायचं, की शेजारची खिडकी समुद्रापलीकडे जाते. शंभरातली दोन पॅकेटं हरवू देत, असंही सांगता येतं. ती आज्ञा पहिल्यांदा दिली तेव्हा पिंगच्या ओळी एकदम जड पावलांनी यायला लागल्या आणि मला उगाच वाईट वाटलं. काल शेजारी असलेलं कुणी दूर बदली होऊन गेल्यासारखं.

आप्पांनी, माझ्या वडिलांनी, ते पहिल्यांदा पाहिलं ते असंच एका रात्री, पाणी प्यायला उठले असताना. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी चारही खिडक्या बघितल्या. "ही चार मशीनं कुठं आहेत?"

"यातच आहेत, आप्पा."

"आणि जोडलीत कशानं?"

मी फाईल दाखवली. त्यांनी चष्मा आणला. आप्पांची सगळी नोकरी मिरज जंक्शनवर गेली आणि त्यातली बरीच वर्षं ट्रान्शिपमेंट शेडमध्ये. मिरजेचं ते वैभव आता सांगूनही नव्या मुलांना खरं वाटत नाही. १९७१ ला पुण्याकडची लाईन ब्रॉडगेज झाली, लोंढ्याकडची मीटरगेज राहिली आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची अडीच फुटी नॅरोगेज. तीन रुंद्यांचे रूळ एका स्टेशनात. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर जाऊच शकत नाही, त्यामुळे माल उतरवायचा, पलीकडच्या डब्यात भरायचा आणि पुढे काढून द्यायचा. हमालांच्या पाठीवरून गूळ, हळद, शेंगा, सरकी अशी दिवसभर ही बदली चाले. आप्पांच्या शर्टाला संध्याकाळी कसला वास येतो त्यावरून आई सांगायची, आज काय आलं होतं ते.

मी त्यांना दाखवावं म्हणून ए तारेवर आणि बी तारेवर टीसीपीडम्प, म्हणजे तारेवरून जाणारी पॅकेटं दाखवणारी आज्ञा, लावला, त्याला हार्डवेअरचे म्हणजे मॅक पत्तेही दाखवायला सांगितलं आणि पिंग मारला. तेच पॅकेट, आर१ च्या अलीकडे आणि पलीकडे. आयपीचे पत्ते दोन्हीकडे तेच, कुणाकडून आणि कुणाला. त्यांच्या आधी लिहिलेले मॅक पत्ते मात्र दोन्हीकडे वेगळे. आप्पांनी बोट ठेवून दोन्ही ओळी अक्षरन् अक्षर ताडून पाहिल्या. मग म्हणाले, "हे बरोबर आहे. पोत्यावरचं नाव बदलायचं नसतं. लेबल बदलतं ते डब्याचं." चार वर्षं पुस्तकातून मी जे पाठ केलं होतं ते त्यांनी पाण्याचं भांडं हातात धरून, पन्नास सेकंदांत, आपल्या शब्दांत सांगितलं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आप्पांचा आणि माझा धंदा एकच आहे.

त्यांनीच मग त्या हरवलेल्या डब्याची गोष्ट सांगितली. एका पावसाळ्यात हळदीच्या पोत्यांचा एक डबा पोचलाच नाही. लेबलावरची शाई पावसानं धुऊन गेली होती, कुणाचा दोष म्हणावा असं त्यात काही नव्हतं. व्यापारी रोज येऊन बसायचा. बोलायचा नाही, नुसता बसायचा. आप्पा कंट्रोलच्या फोनवरून एकेका स्टेशनाला विचारत गेले. दोनच प्रश्न. आला का? पुढं दिला का? पहिल्यानं दोन्हीला हो म्हटलं की पुढच्याला. कुणी रजिस्टर बघून सांगे, कुणी उद्या सांगतो म्हणे. नऊ दिवस लागले. एका स्टेशनवरून उत्तर आलं की आला होता, पण पुढं दिलेला नाही. तिथं सायडिंगला, एरंडाच्या झुडपाआड डबा उभा होता. "मधल्यांना वगळून सरळ शेवटच्याला विचारलं असतं तर?" मी विचारलं. "तो नाही म्हणाला असता," आप्पा म्हणाले, "आणि त्याचं खरंच असतं. पण त्यातनं मला काय कळलं असतं?"

हे सगळं आप्पांनी एका वहीत काढून ठेवलं होतं. यार्डातल्या कुठल्या लाईनीशेजारी कुठली लाईन, शेडच्या कुठल्या बाजूला कुठलं गेज, कुठं डबे लावायचे, कुठं नाही लावायचे. जाड पुठ्ठ्याची, लांबट रजिस्टरसारखी वही. निवृत्तीनंतर शामरावनगरात घर बांधलं तेव्हा ती लोखंडी ट्रंकेत, पलंगाखाली गेली. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत तिथंच होती. कृष्णेचं पाणी ५७ फूट म्हटलं की सांगलीत पुढं काही सांगावं लागत नाही. आम्ही आप्पांना होडीतून काढलं, आई तोवर गेलेली होती. घरी परतलो तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती आणि फ्रीज पाठीवर पडून दुसऱ्या खोलीत गेला होता. ट्रंक उघडली. वही होती, पण शाई सगळी पाण्यात उतरून पानांना जांभळट रंग आला होता, एकसारखा, सुंदर म्हणावा असा. गच्चीवर आम्ही ती पान-पान सुटं करून दगड ठेवून वाळवली. एकही रेघ वाचता आली नाही.

माझं जुनं मशीनही गेलं होतं. पण त्यातलं मला जे हवं होतं ते मी कधीतरी स्वतःलाच मेल करून ठेवलेलं होतं. दहा-बारा वर्षांत बांधलेली सगळी नेटवर्कं, शेकडो मशीनं, त्यांच्या तारा, त्यांचे पत्ते. नुसता मजकूरच असल्यामुळे सगळं मिळून एका फोटोपेक्षा लहान. नव्या लॅपटॉपवर उतरवलं. नेटकिटची जागा तोवर त्याच गटाच्या कथारानं घेतली होती, यूजर मोड लिनक्सच्या जागी डॉकर आला होता, पण लॅब डॉट कॉन्फ तशीच वाचली जात होती. एल-स्टार्ट म्हटलं आणि २००६ ची चार मशीनं उठून बसली.

आप्पा शेजारी बसून पाहत होते. "तुझं वाचलं," ते म्हणाले.

त्या दोन शब्दांत तक्रार नव्हती. खरंच आनंद झाला होता त्यांना. तरी मला लॅपटॉप मिटून ठेवावासा वाटला. दिवाळीनंतर एका दुपारी मी त्यांना म्हटलं, आप्पा, तुम्ही सांगा, मी लिहिते. यार्ड सगळं जमणार नव्हतं, पण जंक्शन जमण्यासारखं होतं. मिरज नावाचं एक मशीन, त्याला तीन कार्डं. एकाला ब्रॉड नावाची तार, एकाला मीटर, एकाला नॅरो. टोकांना पुणे, लोंढा, कुर्डुवाडी. पत्ते सगळे १० नं सुरू होणारे, घरच्या घरी कुणालाही वापरता येतात ते. आप्पा म्हणाले, "पण तिन्ही तारा सारख्याच आहेत की. गेज कुठं आहे यात?" खरंच नव्हतं. मग मी प्रत्येक तारेची एमटीयू बदलली, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती बाईट जाऊ द्यायचे ती मर्यादा. ब्रॉडला १५००, मीटरला १०००, नॅरोला ५७६. आणि पुण्याहून कुर्डुवाडीला १४०० बाईटांचा भरलेला पिंग सोडला, लागले तर तुकडे करा असं सांगून. ब्रॉडच्या तारेवर टीसीपीडम्पनं एक पॅकेट दाखवलं, १४२८ बाईटांचं. नॅरोच्या तारेवर तीन दिसली: ५७२, ५७२, ३२४. मिरजेनं मोठ्या डब्यातला माल तीन छोट्या डब्यांत भरून दिला होता.

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "हे तीन परत एक कुठं करतात? पुढच्या जंक्शनला?" नाही, मी म्हटलं, मधे कुणी करत नाही, थेट पोचल्यावर, कुर्डुवाडीतच. त्यांनी मान हलवली. "बरोबर. मधे उघडून मोजत बसलं तर सगळ्यांचीच गाडी थांबते." मग मी तोच पिंग, तुकडे करू नका असं सांगून सोडला. मिरजेनं तो टाकून दिला आणि तुकडे केल्याशिवाय जाणार नाही, पुढची रुंदी ५७६ आहे, असा निरोप पुण्याला परत पाठवला. आप्पा लगेच म्हणाले, "काचसामान असणार." ती दुपार आम्ही दोघांनी तशीच घालवली. पुण्याहून लोंढ्याला, लोंढ्याहून कुर्डुवाडीला माल सोडत. चहा दोनदा झाला. एकदा त्यांनी मला मिरजेची नॅरोची बाजू बंद करायला सांगितली आणि पुढं काय होतं ते गप्प बसून पाहिलं. फाईलमध्ये हळदीचा वास नव्हता, हमालांच्या आरोळ्या नव्हत्या, पावसानं धुतलेलं लेबल नव्हतं. ते त्यांना आणि मला दोघांनाही दिसत होतं. पण जंक्शन काय काम करतं, ते तिथं होतं.

तर, ती सही. शुक्रवारी रात्री मी लॅपटॉप काढला आणि त्या मुलाचं नेटवर्क काय म्हणून बिघडलं असेल ते करून पाहायला बसले. गेटवे विसरला असता तर पिंगनं तोंड उघडलं असतं, नेटवर्क अनरीचेबल म्हणाला असता. आर१ ला पुढचा रस्ता माहीत नसता तर आर१ नं तसा निरोप दिला असता. त्याचा कर्सर मात्र नुसताच लुकलुकत होता. अशी शांतता पडण्याच्या ज्या वाटा आहेत त्यांतली एक मला सगळ्यात संभवनीय वाटली, कारण मीही एके काळी तिथंच अडकले होते. पॅकेट जातं, पोचतं, पीसी२ उत्तरही देतो. ते उत्तर आर२ पर्यंत येतं. पण आर२ ला पीसी१ च्या गावचा रस्ता कुणी सांगितलेलाच नसतो. जायचा रस्ता लिहिताना आपण परतीचा धरूनच चालतो. आर२ ते उत्तर टाकून देतो आणि रस्ता नाही असा निरोप पाठवतो, पण पाठवतो तो पीसी२ ला, कारण ते पॅकेट पीसी२ नं दिलेलं असतं. पीसी१ च्या खिडकीत काहीच येत नाही. आपलं पोचलं, ऐकलं गेलं, उत्तरही निघालं, यातलं काहीही त्याला कळत नाही.

पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांना ते बिघडलेलं फोल्डर दिलं आणि सांगितलं की आज चालवून दाखवायचं नाही, आज कुठं थांबतंय ते सांगायचं. खिडकी बंद करायची नाही, पिंग थांबवायचा नाही. तो मुलगा आज पहिल्या रांगेत होता. पाच मिनिटांत त्याचा हात नेहमीसारखा खिडकीच्या फुलीकडे गेला, मग मी पाहतेय हे पाहून मागे आला. मी त्याच्याजवळ खुर्ची घेतली आणि त्याला आप्पांचे दोन प्रश्न सांगितले. कुणाचे ते सांगितलं नाही. त्यानं आर१ वर टीसीपीडम्प लावला. "आला मॅडम." पुढं दिला का? दुसऱ्या कार्डावर लावला. "दिला." आर२. "आला. दिला." पीसी२ च्या खिडकीत तो जरा थबकला. "मॅडम, हा तर रिप्लाय देतोय." त्याचा आवाज बदलला होता. आठवडाभरापूर्वी जे मेलेलं समजून तो सोडून गेला होता ते पलीकडे सगळा वेळ सेकंदाला एक उत्तर देत होतं. "हा बिचारा देतोय आणि इकडं येतच नाही."

"मग जातं कुठं?"

तो बोलला नाही. पुन्हा आर२ वर आला, सीच्या बाजूला लावला, उत्तर आत येताना पाहिलं. बीच्या बाजूला लावला, तिथं ते बाहेर पडत नव्हतं. मग त्याला तो निरोप दिसला, पीसी२ कडे जाणारा, रस्ता नाही म्हणणारा. तो त्यानं दोनदा वाचला, दुसऱ्यांदा ओठ हलवून. आर२ चा राऊटचा तक्ता काढला, बोटानं ओळी मोजल्या. दोनच होत्या. बाजूच्या मुलानं विचारलं, "काय रे, झालं का?" तर यानं हातानंच त्याला थांबवलं. बाहेर मधली सुट्टी झाल्याचा गोंगाट सुरू झाला होता, अर्धी बॅच उठून गेली होती. त्यानं सावकाश टाईप केलं: आयपी राऊट ॲड, १०.०.१.० तिरपी रेघ २४, व्हाया १०.०.२.१, म्हणजे पीसी१ च्या गावी जायचं ते आर१ मधून. एंटर दाबायच्या आधी पहिली खिडकी डोळ्यांसमोर येईल अशी सरकवून घेतली, जिथं पिंग तासाच्या सुरुवातीपासून चालू होता आणि कर्सर लुकलुकत होता.

त्यानं एंटर दाबलं. पहिला रिप्लाय आला. टीटीएल ६२. त्याच्याआधी पॅकेटचा क्रमांक होता. एकापासून नाही, १३८६.